नव्या संगणकावर जुनी विंडोज: आधी घोडे कुठे अडते ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी जी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरोघरी नवे संगणक येऊ लागले आहेत. घरातल्या एका खोलीत लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तके आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल जुळवून देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. नव्या मशीनवर विंडोज ११ असते, जुने मराठी-कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर त्यावर उठत नाही, की लगेच मागणी होते : "यावर विंडोज सेव्हनच टाकून द्या." काही जण तर एक्सपी मागतात.

ही मागणी करण्याआधी वाचकांनी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणून हे पत्र. ज्यांना जुनी विंडोज हवीशी वाटते त्यांतल्या बहुतेकांना तिची गरज नसते. आणि ज्यांना खरोखर गरज असते त्यांना लागणारी ३२-बिट विंडोज (विंडोज आणि प्रोग्राम एका वेळी किती माहिती हाताळतात त्यावरून १६, ३२ आणि ६४-बिट असे प्रकार पडतात; मोठा आकडा म्हणजे नवा प्रकार) आजच्या नव्या मशीनवर थेट बसतच नाही.

आधी अडथळा कोणता ते ओळखावे. जुना प्रोग्राम किंवा त्याचा सेटअप १६-बिट असेल तर ६४-बिट विंडोज तो उघडणारच नाही. "अनसपोर्टेड १६-बिट ॲप्लिकेशन" किंवा "धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी" असा निरोप येतो. यात विंडोजच्या वयाचा संबंध नाही. ६४-बिट विंडोज ७ सुद्धा हेच सांगेल. १६-बिट प्रोग्राम चालवणारा भाग फक्त ३२-बिट विंडोजमध्ये असतो, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही. मशीनमध्ये ८ जीबी रॅम आहे म्हणून दुकानात ६४-बिट विंडोज ७ टाकून मिळते, आणि घरी आल्यावर तोच निरोप पुन्हा दिसतो. पैसे गेले, विंडोज ११ गेली, काम तिथेच.

दुसरा अडथळा डोंगलचा. श्रीलिपी, आयएसएम, आकृती या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना डोंगल म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी : प्रोग्राम चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी छोटी किल्ली. प्रोग्राम स्वतः ३२-बिट असला तरी डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि ६४-बिट विंडोजला ६४-बिट, सही (खरेपणाची डिजिटल खूण) असलेलाच ड्रायव्हर लागतो. यूएसबी डोंगल असेल तर डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आधी टाकून पाहावा. अनेकदा तेवढ्यावर भागते. पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टचा डोंगल असेल तर बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल वायर घेऊ नये. ती फक्त प्रिंटरला उपयोगी पडते, डोंगल तिला दिसत नाही. पीसीआय एक्सप्रेस कार्ड घातले तरी पोर्टचा पत्ता पूर्वीसारखा ३७८ राहत नाही, आणि जुने प्रोग्राम नेमक्या त्याच पत्त्यावर डोंगल शोधतात.

तिसरा अडथळा खरे म्हणजे अडथळाच नाही. पुष्कळांना जुन्या फाइली फक्त उघडून, चार अक्षरे बदलून छापायच्या असतात. जुन्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली विंडोज ११ वर सरळ बसतात. फाइलवर उजवी क्लिक करून इन्स्टॉल म्हटले की जुना मजकूर नीट दिसतो. चालत नाही ते फक्त टाइप करण्याचे इंजिन. पेजमेकर ७ हा २००१ सालचा असला तरी ३२-बिट प्रोग्राम आहे, तेव्हा विंडोज बदलण्याआधी तो नव्या मशीनवर टाकून पाहायला हरकत नाही. टाइप १ जातीचे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट मात्र वेगळे : अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या नव्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा आधार काढला आहे.

हे सगळे पाहूनही विंडोज ७ च हवी असेल, तर मशीन कोणत्या पिढीचे आहे ते बघावे. इंटेलच्या प्रोसेसरचा आकडा वाचायचा : आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. पाचव्या पिढीपर्यंत फारशी अडचण नसते. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ च्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून, जुना यूएसबी २ कंट्रोलर काढून टाकला गेला आणि सगळे पोर्ट एक्सएचसीआय या नव्या यूएसबी कंट्रोलरवर गेले. विंडोज ७ मध्ये एक्सएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये) चालणारा कीबोर्ड-माउस सेटअपच्या पहिल्या पडद्यावर मेल्यासारखा होतो, आणि "अ रिक्वायर्ड सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर इज मिसिंग" असे येते. हा निरोप फसवा आहे. सीडी ड्राइव्हचा काही दोष नसतो. पेनड्राइव्ह ज्या पोर्टात आहे तो पोर्टच विंडोजला दिसत नसतो. लोक त्यापायी पेनड्राइव्ह बदलत बसतात.

अकराव्या पिढीपासून दार आणखी बंद झाले. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर जुन्या पद्धतीचे बूट, म्हणजे सीएसएम, मिळत नाही. विंडोज ७ ला पडदा रंगवायला जुन्या बायोसची व्हिडिओ सेवा लागते. ती नसली की "स्टार्टिंग विंडोज" वर मशीन गोठते. ३२-बिट विंडोज ७ तर यूईएफआय या नव्या प्रकारच्या बायोसमधून सुरूच होत नाही, तिला सीएसएम हवेच. आता वरचा १६-बिटचा मुद्दा आठवावा. ज्याला जुन्या प्रोग्रामसाठी विंडोज ७ हवी त्याला ३२-बिट हवी, आणि ती नव्या लॅपटॉपवर थेट चढत नाही. एक्सपीची गत याहून वाईट. तिला एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) माहीत नाही म्हणून ७बी क्रमांकाचा निळा पडदा, आणि नव्या बोर्डाची एसीपीआय (वीज-व्यवस्थापनाची पद्धत) कळत नाही म्हणून ए५ क्रमांकाचा.

सहाव्या ते नवव्या पिढीच्या डेस्कटॉपवर विंडोज ७ टाकणे जमते. पण इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सचा अधिकृत विंडोज ७ ड्रायव्हर सहाव्या पिढीपर्यंतच आहे. त्यापुढे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावे लागते, नाहीतर स्टँडर्ड व्हीजीएवर काम करावे लागते. त्यात स्लीप नाही आणि पान सरकवताना पडदा फरफटतो. दिवसभर डीटीपी (संगणकावर छपाईची जुळणी) करणाऱ्याने या फंदात पडू नये.

करायचेच असेल तर कृती अशी. आधी एक वेगळी साटा (केबलने जोडायची) एसएसडी डिस्क घ्यावी. ती १२० किंवा २४० जीबीची पुरे. बोर्डाच्या एम.२ खाचेतली एनव्हीएमई (नव्या वेगवान प्रकारची) डिस्क स्क्रू काढून बाजूला ठेवावी. याने दोन कामे होतात : विंडोज ११ असलेली डिस्क चुकून पुसली जात नाही, आणि विंडोज ७ ला एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसल्याची भानगड (त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स, म्हणजे छोटे दुरुस्ती-अपडेट, सेटअपमध्ये घालावे लागतात) टळते.

मग यूएसबी ड्रायव्हर सेटअपमध्ये मिसळायचा. सर्व्हिस पॅक १ असलेल्या डीव्हीडीतला सगळा मजकूर विंडोज १० च्या एखाद्या मशीनवर फोल्डरमध्ये उतरवावा आणि फाइलींचा रीड-ओन्ली गुण काढावा. तो राहिला तर पुढची पायरी परवानगी नाही म्हणून अडते. विंडोजमध्येच असलेल्या डीआयएसएम या साधनाने, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, सोर्सेस फोल्डरातली बूट डॉट विम ही फाइल माउंट करावी (फोल्डरसारखी उघडावी), ड्रायव्हर रिकर्स पर्यायासह (आतल्या फोल्डरांसकट) घालावा आणि कमिट करून (बदल जतन करून) अनमाउंट करावे. बूट डॉट विममध्ये दोन इंडेक्स (क्रमांकाचे भाग) असतात. सेटअप दुसऱ्यात असतो, पण ड्रायव्हर दोन्हींत घालावा. त्यानंतर इन्स्टॉल डॉट विममध्ये (प्रत्यक्ष विंडोजच्या फाइलमध्ये), आपण टाकणार असलेल्या आवृत्तीच्या इंडेक्सला, तेच पुन्हा करावे. घाईत हीच पायरी सुटते. फक्त बूट डॉट विममध्ये ड्रायव्हर घातला तर सेटअपभर कीबोर्ड चालतो, सगळे छान झाल्यासारखे वाटते, आणि पहिल्या रीस्टार्टनंतर नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड-माउस दोन्ही गप्प होतात. बोर्ड कंपन्यांपैकी गिगाबाइट आणि ॲसरॉक यांनी हे काम एका खिडकीत करणारी छोटी साधने दिली होती. आपला बोर्ड त्यांचा असेल तर ती वापरावीत.

बोर्डावर गोल पीएस/२ खाच असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. पीएस/२ कीबोर्ड आणि साटा डीव्हीडी ड्राइव्ह जोडून साधी डीव्हीडी लावावी. यूएसबीची गरजच पडत नाही. यूएसबी आणि लॅनचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या सीडीवर लिहून ठेवावेत, म्हणजे विंडोज बसल्यावर ते कुठून आणायचे हा प्रश्न राहत नाही.

पेनड्राइव्ह रूफस या साधनाने बनवावी : ८ जीबीची, एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी) पद्धत, बायोस किंवा सीएसएमसाठी, एनटीएफएस. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि ड्रायव्हर-अपडेट घालून फुगलेली इन्स्टॉल डॉट विम तेवढी होऊ शकते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, साटा एएचसीआयवर, आणि यूएसबीखाली एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू असे ठेवावे.

"सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल" असे आले (जीपीटी म्हणजे विभागणीची नवी पद्धत) तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडावी. डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, मग आकारावरून आपली डिस्क ओळखून सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर, याच क्रमाने जावे. क्लीन म्हटल्यावर विचारणा होत नाही. डिस्क शून्य आणि डिस्क एक यांत गफलत झाली तर बारा वर्षांच्या पत्रिका एका ओळीत जातात. म्हणूनच वर दुसरी डिस्क काढून ठेवायला सांगितले.

विंडोज बसल्यावर ड्रायव्हर टाकण्याची घाई करू नये. आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, मग रीस्टार्ट. नंतरच्या काळात ड्रायव्हरवरच्या सह्या एसएचए-२ पद्धतीच्या झाल्या. हे दोन अपडेट नसतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि कोड ५२ दिसतो, आणि ड्रायव्हर खराब आहे असे वाटून माणूस दुसरा शोधत बसतो. त्यानंतर चिपसेट, यूएसबी, लॅन, आवाज आणि शेवटी ग्राफिक्स.

३२-बिट आवृत्ती घेतली असेल तर १६ जीबी रॅममधले जेमतेम सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागतात. उरलेली रॅम असून नसल्यासारखी.

नव्या लॅपटॉपवर विंडोज १० टाकू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहावे. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की ते बरेचदा आपोआप चालू होते. सिक्युअर बूट बदलताच मशीन ४८ आकडी बिटलॉकर की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावर उतरवून मगच पुढे जावे, कारण ते खाते दुकानदाराने स्वतःच्या मोबाईल नंबरवर काढून दिलेले असेल तर मोठीच पंचाईत होते. दुसरी : अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज १० च्या सेटअपला डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते, ती इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क-व्यवस्थेमागे लपलेली असते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावे, किंवा "लोड ड्रायव्हर" म्हणून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा. आधीची विंडोज ११ ठेवायची असेल तर व्हीएमडी बंद करू नये, ती मग उठत नाही. वायफाय चालले नाही तर मोबाईल यूएसबीने जोडून टेथरिंग चालू करावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावेत.

आमच्या मते मात्र डीटीपीवाल्यांसाठी खरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचा. विंडोज ११ तशीच ठेवायची, तिच्या आत व्हर्च्युअलबॉक्स टाकायचे आणि त्यात ३२-बिट एक्सपी किंवा विंडोज ७ बसवायची. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि विंडोजच्या होम आवृत्तीवरही चालते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे "व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड" दिसले पाहिजे, नसेल तर बायोसमध्ये इंटेल व्हीटी किंवा एएमडी एसव्हीएम चालू करावे. एक्सपीला १ जीबी रॅम, एक प्रोसेसर आणि २० जीबी डिस्क पुरते. विंडोज ७ ला २ जीबी आणि ४० जीबी द्यावी. एक्सपीसाठी डिस्क आयडीई या जुन्या प्रकारच्या कंट्रोलरवरच लावावी. साटावर लावली तर तोच ७बीचा निळा पडदा इथेही भेटतो.

यूएसबी डोंगलसाठी एक्सपीच्या मशीनला यूएसबी १.१ कंट्रोलर द्यावा, डोंगल लावून त्याचा फिल्टर (डोंगल आतल्या मशीनकडे वळवणारी नोंद) बनवावा आणि फिल्टरमधला पोर्टचा रकाना रिकामा ठेवावा, म्हणजे उद्या दुसऱ्या खाचेत लावला तरी चालेल. डोंगलचा ड्रायव्हर एक्सपीच्या आत, डोंगल लावण्यापूर्वी टाकावा. डोंगलऐवजी मशीनच्या क्रमांकावर नोंदणी होणारे सॉफ्टवेअर असेल तर नवी की मागावी लागेल, हे आधी धरून चालावे. जुन्या मशीनबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवानाही त्या मशीनपुरताच असतो.

खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले तर विंडोज ११ ची स्वतःची व्हर्च्युअल यंत्रणा, हायपर-व्ही, मध्ये आली आहे असे समजावे. मशीन हळू चालते. मेमरी इंटिग्रिटी बंद केली की कासव जाऊ शकते. पण तो सुरक्षेचा एक थर आहे, आणि टायपिंग-जुळणीचे काम कासवावरही होत असेल तर त्याला हात लावू नये.

व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स हे जोडसाधन टाकून एक शेअर्ड (आत-बाहेर सामाईक) फोल्डर ठेवावा. आतून पीडीएफ काढायची, फॉन्ट एम्बेड करून, आणि छपाई बाहेरच्या विंडोज ११ मधून. प्रिंटरचा जुना ड्रायव्हर शोधण्याची वेळच येत नाही. आतला मराठी मजकूर कॉपी करून बाहेर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण जुने फॉन्ट युनिकोड (सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेताचे) नाहीत. तिथे वर सांगितलेला टीटीएफ फॉन्ट लावावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नवे काम तर थेट युनिकोडमध्येच करावे. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच आहेत, आणि एकाच पत्रिकेत दोन्ही भाषा लागणाऱ्या आपल्या भागात त्याची सोय काही औरच.

व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमधल्या नेटवर्क टॅबमध्ये "केबल कनेक्टेड" ची खूण काढून टाकावी, म्हणजे आतली जुनी विंडोज इंटरनेटपासून तुटते. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला थांबले. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जुन्या विंडोजवाल्यांची काय दैना केली ते जगाने पाहिले. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती. बँकेचे काम तिथून करण्याचा विचारही नको. जुन्या विंडोजची फाइल उतरवताना "ॲक्टिव्हेटेड", "लाइट" असे लिहिलेल्या तयार प्रती घेऊ नयेत, त्यात आणखी काय भरले आहे हे उघड दिसत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांचा प्रश्न वेगळा आहे. वर्कशॉपातल्या मशीनला जोडलेल्या जुन्या संगणकात ते मशीन चालवणारे कंट्रोल कार्ड असेल तर व्हर्च्युअल मशीनचा उपयोग नाही. तो जुना संगणकच जपावा : बोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलावा, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नवा घालावा, आणि हार्ड डिस्क चालू आहे तोवर क्लोनझिला या साधनाने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पॅरलल डोंगलवाल्यांनाही हेच लागू.

व्हर्च्युअल मशीन एकदा मनासारखे चालू लागले की ते पूर्ण बंद करावे (सेव्ह स्टेट नव्हे) आणि एक्स्पोर्ट अप्लायन्सने त्याची एक ओव्हीए फाइल बाहेरच्या डिस्कवर काढावी. पुढचा संगणक घेताना ती इम्पोर्ट केली की सगळे फॉन्ट आणि सेटिंग जसेच्या तसे उभे राहते. डोंगलचा फिल्टर तेवढा पुन्हा तपासावा.

आपले नम्र,
संगणक दुरुस्ती व डीटीपी व्यवसायातील काही वाचक,
बेळगाव-खानापूर